सिग्नलला बंद पडणारी जुनी गाडी: सुटे भाग घेण्याआधी दोष कसा शोधायचा

सोलापुरातल्या सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा भाच्यानं तिथूनच फोन लावला. "मामा, प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, आता पेट्रोलचा पंप बदला म्हणतायत. बदलू का?" त्याची गाडी २००६ ची अल्टो, गेल्या दिवाळीत सेकंडहँड घेतलेली. मी त्याला एकच विचारलं, "ती नेमकी केव्हा बंद पडते?" त्याला सांगता येईना. इतकं सामान बदललं, पण हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.

अशा नवख्या मालकांसाठी हे लिहितोय. गाडी रस्त्यावर नीट पळते, पण सिग्नलला, रेल्वे फाटकाला, शाळेच्या दारात उभी केली की बंद. साधारण १९९० ते २०१० या काळातल्या छोट्या पेट्रोल गाड्या डोळ्यांसमोर आहेत: मारुती ८००, झेन, अल्टो, वॅगन आर, सँट्रो. माझी १९९७ ची ८०० अजून चालू आहे आणि यातलं बरंचसं तिनंच शिकवलं, काही वेळा खिशाला चाट लावून. डिझेलचं गणित वेगळं आहे, ते इथे घेत नाही.

'स्लो' म्हणजे काय

रेसवरून पाय काढल्यावर इंजिन ज्या कमीत कमी वेगानं फिरत राहतं त्याला गॅरेजात 'स्लो' म्हणतात. या गाड्यांत तो मिनिटाला साधारण ८०० ते ९५० फेरे असतो. तेव्हा हवेचं मुख्य दार, म्हणजे थ्रॉटलची झडप, जवळजवळ मिटलेली असते. इंजिन एका बारीक वाटेनं श्वास घेतं आणि त्या बेताचंच पेट्रोल त्याला मिळतं. शेगडी मोठी असेल तर खिडकीतून आलेल्या झुळकेनं तिला काही होत नाही. तीच बारीक केली की ज्योत फडफडते आणि विझते. इंजिनाचं तसंच आहे. स्लोवर त्याच्याकडे राखीव ताकद नसते, म्हणून वेगात कळतही नाही असा बारीक दोष उभं राहिल्यावर त्याला बंद पाडतो.

हे एकदा डोक्यात बसलं की पैसे वाचतात. पेट्रोलचा फिल्टर तुंबला किंवा पंप कमजोर झाला तर गाडी आधी तुळजापूरच्या घाटात मार खाते, कारण जास्त पेट्रोल तिथे लागतं. स्लोला लागतं ते अगदी थोडं, मरतुकडा पंपसुद्धा तेवढं पुरवतो. तेव्हा पुणे हायवेला ऐंशीच्या वेगानं खणखणीत धावणारी आणि फक्त उभी असताना बंद पडणारी गाडी असेल तर पंप हा पहिला संशयित नाही. भाच्याला मी तिथेच थांबवलं.

आठ दिवस वही, पाना नंतर

आठ दिवस काहीही बदलू नका. गाडीत छोटी वही ठेवा आणि प्रत्येक वेळी बंद पडली की चार ओळी लिहा. इंजिन थंड होतं की गरम? एसी किंवा हेडलाइट चालू होते का? पाय ब्रेकवर होता की क्लचवर? पेट्रोल नुकतंच भरलं होतं का? पाऊस होता की दुपारचं ऊन? पुन्हा लगेच सुरू झाली, की वीस मिनिटं थांबावं लागलं? पहिल्या पानावर गेल्या दोन-तीन महिन्यांत गाडीचं काय काय काम झालं तेही लिहा. बॅटरी बदलली, हेड उघडलं, गॅस किट काढलं, काहीही असो.

आणखी एक गोष्ट लिहाच: ती बंद कशी पडली. दिव्याचं बटण दाबावं तशी एका क्षणात, की आधी थरथरली, धापा टाकल्या आणि मग बसली? माझ्या मते सगळ्या तपासातला हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. क्षणात मेलेली गाडी बहुधा विजेचा दोष सांगते: कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी वीज वाढवणारी), डिस्ट्रिब्युटरमधला (ती वीज प्लगांना वाटणाऱ्या डब्यातला) पिकअप, एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हिशेबानं पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत क्रँक किंवा कॅम सेन्सर, बॅटरीचं सैल टर्मिनल, झिजलेली किल्लीची स्विच. थरथरत, हळूहळू मेलेली गाडी हवा आणि पेट्रोल यांचं बिघडलेलं प्रमाण सांगते.

वहीतून बहुतेक वेळा वाट दिसू लागते. फक्त सकाळी थंड असताना बंद पडून पाच मिनिटांनी ठीक होत असेल, तर कार्ब्युरेटरच्या (संगणकाशिवाय हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या) गाडीत चोक आणि त्याला जोडलेला वाढीव स्लो बघायचा; एमपीएफआयमध्ये कूलंटचा तापमान सेन्सर आणि स्लो सांभाळणारी आयएसी व्हॉल्व्ह. फक्त गरम झाल्यावर बंद पडत असेल तर उन्हाळ्याचा भाग पुढे सविस्तर आहे. एसी लावताच पडत असेल तर पुन्हा आयएसी, किंवा जुन्या गाडीत एसीसाठी स्लो वाढवणारा डायफ्राम. ब्रेक दाबताच पडत असेल तर ब्रेक बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या ओढीनं ब्रेकला मदत करणारा डबा. पंपावर टाकी भरून निघताना पडत असेल तर टाकीतली वाफ इंजिनाकडे सोडणारी पर्ज व्हॉल्व्ह उघडीच अडकली असण्याची शक्यता मोठी. (पंपावरचा नोझल एकदा 'टक्' करून थांबला की वर आणखी पेट्रोल ओतायला लावू नका, त्यानं वाफेच्या डब्यात पेट्रोल शिरतं.) पावसाळ्यातच पडत असेल तर प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप.

बॅटरी बदलल्या दिवसापासून पडू लागली असेल तर घाबरू नका. वीज तुटली की एमपीएफआयचा संगणक शिकलेला स्लो विसरतो. गाडी सुरू करून रेडिएटरचा पंखा दोनदा फिरेपर्यंत रेसला हात न लावता चालू ठेवा, मग एसी लावून पाच मिनिटं. थ्रॉटल स्वच्छ असेल तर ती पुन्हा शिकते. शिकत नसेल तर आत काजळी आहे आणि इतके दिवस संगणक तो दोष सांभाळून घेत होता, असं समजा.

बोनेट उघडण्याआधी

जागा मोकळी हवी. बंद गॅरेजात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपास करू नका. जुन्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो आणि त्याला वास नसतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकामागे वीट. साडीचा पदर, ओढणी, गळ्यातला मफलर, लोंबणारं ओळखपत्र काढून ठेवा. रेडिएटरचा पंखा इलेक्ट्रिक असतो, तो मध्येच आपोआप सुरू होतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. जवळपास विडी-काडी नको.

रस्त्यावरचीही काळजी आहे. इंजिन बंद पडलं की ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर ते जड होतं. म्हणून तपास चालू असेपर्यंत लांब अंतर ठेवून चालवा, आणि उतारावर गाडी बंद पडली तर ब्रेक उगाच पंप न करता एकदाच दाबून धरा.

सामान फार लागत नाही. प्लगपाना, १० आणि १२ चे पाने, स्क्रूड्रायव्हर, नाकाची पक्कड, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), साधा मल्टिमीटर, थ्रॉटल क्लीनरचा डबा, जुना सुती कपडा. आणि कानाला लावायला दोन-तीन फूट रबरी नळी.

पहिली पायरी: रेसची चाचणी

इंजिन गरम करा. बंद पडायच्या बेतात आलं की रेस अगदी किंचित द्या, काडीभर, आणि तशीच धरून ठेवा. तेवढ्यावर इंजिन गुळगुळीत फिरू लागलं तर स्पार्क आणि पेट्रोलची मुख्य वाट ठीक आहे; अडचण स्लोच्या बारीक वाटेत आहे. रेस देऊनही तोतरं फिरत असेल, सायलेन्सरमधून फट्-फट् येत असेल, तर कुठला तरी सिलेंडर काम करत नाही, आधी स्पार्ककडे वळा. या एका चाचणीनं निम्मी यादी गळते.

दुसरी पायरी: चोरून शिरणारी हवा

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन. जुन्या गाडीत रबर पिकतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, आणि बोनेटखाली त्याच्या दुप्पट उष्णता असते. दहा-पंधरा असे उन्हाळे काढलेली नळी बाहेरून काळी, चकचकीत दिसते आणि वाकवली की तिच्या पोटात चिरा दिसतात. त्या चिरेतून मोजमाप न झालेली हवा आत शिरते. वेगात तिचा पत्ताही लागत नाही. स्लोला मात्र तीच हवा शेगडीवरची झुळूक ठरते.

कार्ब्युरेटरच्या गाडीत अशा गळतीनं मिश्रण पातळ होतं, इंजिन थरथरतं आणि बसतं. एमपीएफआय गाडीत बऱ्याचदा स्लो आधी चढतो, संगणक पेट्रोल तोडतो, स्लो एकदम खाली येतो, पुन्हा चढतो. असे हेलकावे घेत ती एखाद्या खालच्या हेलकाव्याला बंद पडते.

शोधायचं असं. इंजिन बंद असताना इनटेक मॅनिफोल्डला (थ्रॉटलपासून सिलेंडरांकडे हवा नेणाऱ्या फाट्याला) जोडलेली प्रत्येक नळी बोटांनी मागे जात तपासा: ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरून) येणारा श्वासाचा पाइप, डिस्ट्रिब्युटरला जाणारी बारीक नळी, मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरची नळी, एसीच्या डायफ्रामची नळी. टोकं खास बघा, क्लिपच्या खालीच चीर असते. मॅनिफोल्डवर न वापरलेल्या तोट्या असतात, त्यांवर रबरी टोप्या बसवलेल्या असतात; त्या फाटल्या आहेत का बघा. माझ्या ८०० मध्ये हेच झालं होतं. एका गॅरेजात पंप बदलला, कार्ब्युरेटरला नवं किट टाकलं, महिनाभरानं पुन्हा तीच कथा. शेवटी एका रविवारी घरासमोर मलाच ती सापडली: बोटाच्या पेराएवढी टोपी, उभी चिरलेली. टोपी बदलली आणि गाडी त्याच मिनिटाला शांत झाली. तेव्हापासून मी नळ्या आधी बघतो.

डोळ्यांना दिसली नाही तर कान वापरा. इंजिन चालू ठेवून रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं एकेका जोडावर फिरवा, पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवून. गळती असेल तिथे 'स्सस्' असा बारीक आवाज येतो. तोही नसेल तर नाकाच्या पक्कडीला कपडा गुंडाळून एकेक नळी क्षणभर दाबा. एखादी दाबताच स्लो सुधारला तर गळती त्या नळीत किंवा तिच्या पुढच्या भागात आहे. कार्ब्युरेटरच्या बुडाचं पॅकिंग आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग तपासायला साध्या पाण्याचा बारीक फवारा पुरतो: पाणी पडताच आवाज बदलला की जागा सापडली. पाणी वायरी आणि डिस्ट्रिब्युटरवर उडू देऊ नका. काहीजण यासाठी पेट्रोल शिंपडतात, ते कधीही करू नका. तापलेला सायलेन्सर हातभर अंतरावर असतो.

बूस्टरची चाचणी वेगळी आहे. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, किंवा पाय दाबून धरल्यावर फुसफुस ऐकू आली आणि स्लो पडला, तर बूस्टर किंवा त्याचा पाइप गेला आहे. हा दोष सापडला तर गाडी दुरुस्त होईपर्यंत बाहेर काढायची नाही, कारण प्रश्न ब्रेकचा आहे.

मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज मिळालं तर उत्तम. पुस्तकात चांगल्या इंजिनाला स्लोवर १८ ते २१ इंच लिहिलेलं असतं, पण तो आकडा समुद्रसपाटीचा. सोलापूर साधारण ४५० मीटर उंचीवर आहे, इथे दीडेक इंच कमीच दिसणार. त्यावरून इंजिन खराब ठरवू नका. काटा स्थिर आहे का हे महत्त्वाचं. स्थिर पण फारच खाली असेल तर गळती, ठराविक ताल धरून झटके देत असेल तर एखाद्या सिलेंडरची झडप किंवा स्पार्क.

तिसरी पायरी: स्लोची बारीक वाट

आता गाडी कार्ब्युरेटरची आहे की एमपीएफआयची, यावर वाटा फुटतात. मारुती ८०० ला २००० च्या सुमारास एमपीएफआय आलं. तुमच्या गाडीत कोणतं आहे ते बोनेट उघडून खात्री करा.

कार्ब्युरेटरच्या गाडीत किल्ली 'ऑन' करा, सेल्फ मारू नका, आणि कार्ब्युरेटरजवळ कान लावा. स्लोचं पेट्रोल सोडणारी छोटी सोलेनॉइड 'टक्' वाजली पाहिजे. वाजली नाही तर तिची वायर आणि फ्यूज बघा. कधी कधी सगळा दोष त्या एका निसटलेल्या वायरीत असतो. ती वाजते, तरी चोक अर्धा ओढल्याशिवाय इंजिन स्लो धरत नाही, आणि हवेची गळती आधीच तपासून झाली आहे, म्हणजे स्लो जेट (स्लोचं पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) तुंबला आहे. जेट काढून क्लीनर आणि हवेच्या दाबानं साफ करायचा. त्यात तार किंवा सुई घालायची नाही. पितळेचं भोक मोठं झालं की ते पुन्हा लहान होत नाही. शेवटी मिश्रणाचा स्क्रू. तो मुळात किती फेरे उघडा होता ते मोजून वहीत लिहा, मग पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सर्वांत गुळगुळीत चालेल ती जागा शोधा. स्क्रू फिरवूनही काहीच फरक पडत नसेल तर त्याला सोडा, जेट किंवा गळती अजून शिल्लक आहे.

एमपीएफआय गाडीत हवेचा पाइप काढून थ्रॉटलच्या तोंडात टॉर्च मारा. झडपेच्या कडेला काळं, चिकट कडं दिसलं तर ती स्लोची वाट अडवतं. इंजिन बंद ठेवून, कपड्यावर थ्रॉटल क्लीनर घेऊन ते पुसा, झडपेची मागची बाजूही. आयएसी व्हॉल्व्ह काढता आली तर तिच्या टोकाची काजळी पुसा, पण तिच्या मोटरवर क्लीनर मारू नका आणि ते टोक बोटानं आत ढकलू नका. तिचं पॅकिंग जपून ठेवा, फाटलं तर तुम्हीच नवी गळती तयार कराल. साफ केल्यावर पहिल्यांदा सुरू होताना धूर येतो, वेळ लागतो. मग वर सांगितल्याप्रमाणे तिला स्लो शिकू द्या.

इथे एक कळकळीची विनंती. थ्रॉटलच्या तारेजवळ एक स्टॉप स्क्रू असतो. तो फिरवून 'स्लो वाढवून देतो' म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. एमपीएफआयमध्ये तो स्लो लावायचा स्क्रूच नाही. तो फिरवला की दोष चार महिने झाकला जातो, संगणकाचा हिशेब चुकतो आणि पुढच्या माणसाला मूळ दोष शोधणं दुप्पट अवघड होतं. भाच्याच्या अल्टोत हेच निघालं. थ्रॉटल काजळीनं भरलेली, आणि आधीच्या मालकाच्या काळात कुणी तरी तो स्क्रू दोन फेरे आत घातलेला. त्यावरचा कारखान्याचा रंग तुटलेला दिसत होता.

चौथी पायरी: स्पार्क

प्लग काढा, कोणता कुठल्या सिलेंडरचा ते लक्षात ठेवून ओळीत मांडा. विटकरी-करडा रंग चांगला. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे मिश्रण पातळ, तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. त्यांतला एकच वेगळा असेल तर दोष त्या सिलेंडरपुरता आहे. फट फिलर गेजनं मोजा. कार्ब्युरेटरच्या मारुतींना साधारण ०.७ ते ०.८ मिमी, एमपीएफआयचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा.

मग रात्री, अंधारात, बोनेट उघडून इंजिन चालू करा आणि वायरींकडे नुसतं बघा, हात लावू नका. फुटलेल्या वायरीवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. डिस्ट्रिब्युटर असेल तर कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ शोधा, तिथून वीज पळते. तीन सिलेंडरच्या गाडीत एक सिलेंडर मेला तर सगळी गाडी डुलते, हे चालवताना कळतंच.

बॅटरीचा मल्टिमीटरवरचा आकडाही इथेच घ्या. बंद गाडीला १२.४ ते १२.६ व्होल्ट, चालू गाडीला १३.८ ते १४.४. चालू असताना १३ च्या खाली राहत असेल तर अल्टरनेटर, पट्टा आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी बघा.

सोलापूरचा उन्हाळा

मेमध्ये नवी पेठेत दुपारी दोनला अर्धा तास गाडी उभी करून परत आलात, ती सुरू झाली, पार्क चौकापर्यंत गेली आणि बंद पडली. वीस मिनिटांनी पुन्हा सुरू. अशी तक्रार माझ्याकडे दर उन्हाळ्यात येते.

पहिल्यांदा तापमानाचा काटा बघा. चालत्या गाडीत वारा रेडिएटर थंड ठेवतो, उभ्या गाडीत फक्त पंखा. पंख्याची मोटर, रिले किंवा स्विच गेली असेल तर गाडी हायवेला थंड आणि सिग्नलला तापते. गाडी उभी ठेवून पंखा फिरतो का हे डोळ्यांनी बघा, अंदाज नको.

काटा ठीक असेल तर बंद पडलेल्या जागीच स्पार्क तपासायचा, घरी आल्यावर नाही. तोवर दोष थंड होऊन लपतो. जास्तीचा एक प्लग गाडीत ठेवा. एक वायर काढून त्याला लावा, प्लगचं धातूचं अंग इंजिनाला टेकवून ठेवा, हात लांब, आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी नाही, म्हणजे गरम झाल्यावर तुटणारी कॉइल, पिकअप किंवा सेन्सर. ठिणगी आहे, म्हणजे पेट्रोल पोचत नाही.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. तिथे पेट्रोलची वाफ झाली की पंप ती ढकलू शकत नाही. इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टरचं झाकण काढून, थ्रॉटलचा दांडा हातानं दाबा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली नाही तर कार्ब्युरेटर कोरडा आहे. ओला कपडा फक्त पंपावर आणि पेट्रोलच्या पाइपवर ठेवा. दहा मिनिटांत सुरू झाली तर निदान पक्कं. उपाय म्हणून पाइप सायलेन्सरपासून दूर बांधा आणि पंपाखालचा उष्णता अडवणारा जाड ठोकळा जागेवर आहे का बघा, तो जुन्या कामात अनेकदा गायब झालेला असतो. तापलेल्या इंजिनावर बादलीनं पाणी ओतू नका, हेडला चीर जाते.

उन्हाळ्याला भिऊन अनेकजण थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप) काढून टाकतात. ते मला पटत नाही. एमपीएफआय इंजिन ठरलेल्या तापमानाला पोचलं नाही की संगणक त्याला थंडच समजतो आणि जास्त पेट्रोल देत राहतो. प्लग काळे पडतात, स्लो बिघडतो. रेडिएटर साफ करा, थर्मोस्टॅट राहू द्या.

पेट्रोलही बदललंय. आपल्या जिल्ह्यातल्या उसापासून होणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. जुन्या गाडीचं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. ते फुगतं, मऊ होतं. टाकीच्या तळाचा जुना गाळही सुटून फिल्टर आणि जेटपर्यंत येतो. शिवाय इथेनॉलनं कार्ब्युरेटरचं मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणून पूर्वी ठीक असलेला मिश्रणाचा स्क्रू आता किंचित उघडावा लागू शकतो. महिनोन् महिने उभी राहणारी गाडी असेल तर जुनं पेट्रोल काढून टाका, त्यानं ओलावा ओढून घेतलेला असतो.

उरलेल्या गोष्टी

एलपीजी किंवा सीएनजी किट असेल तर दोन दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. पेट्रोलवर ठीक असेल तर किटवाल्याकडे जा. गॅसवर बरीच वर्षं चाललेल्या गाडीत झडपांच्या बैठका झिजतात, टॅपेटची (झडप दाबणाऱ्या तुकड्याची) फट मिटते, आणि गरम झाल्यावर झडप पूर्ण बसत नाही. खूप आवाज करणाऱ्या टॅपेटची लोकांना काळजी वाटते. मला अजिबात आवाज न करणाऱ्याची वाटते. इतकं सगळं करूनही स्लो धरत नसेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरातला दाब, मोजून घ्या. सिलेंडरांमधला फरक एक किलोपेक्षा जास्त असेल तर बाहेरचं काही बदलून उपयोग नाही. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) असलेल्या गाडीत ती झडप उघडी अडकली तरी असंच होतं, काढून साफ करावी.

पीयूसीची चिठ्ठी फेकू नका. ती चाचणी स्लोवरच होते आणि चिठ्ठीवर तुमच्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचा आकडा असतो. भारत स्टेज (धुराचे सरकारी नियम) २ आणि ३ च्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के, त्याआधीच्या गाड्यांना ३ टक्के. तो आकडा चढलेला म्हणजे पेट्रोल जास्त. तो कमी, पण हायड्रोकार्बन वर, म्हणजे कुठला तरी सिलेंडर नीट पेटत नाही.

गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर सगळ्यांना लागू होत नाही. २०१० मध्ये भारत स्टेज ४ आधी देशातल्या काही शहरांत आलं, त्यात सोलापूर होतं. त्यानंतर इथे नव्या घेतलेल्या गाडीला स्कॅनर जोडता येईल. त्याआधीच्या गाडीला मोबाइलवर चालणारं स्वस्त यंत्र बहुधा जुळत नाही, कंपनीच्या जुन्या गाड्यांचं यंत्र असलेला मिस्त्री शोधावा लागतो. आणि स्कॅनरनं एखाद्या सेन्सरचं नाव दाखवलं म्हणून तो लगेच विकत घेऊ नका, आधी त्याची वायर आणि तिची जोडणी हलवून बघा.

मिस्त्रीकडे गेलात तर वही त्याच्यापुढे ठेवा. "पंप बदला" असं सांगू नका; "गरम झाल्यावर, एसी चालू असताना, क्लच दाबून थांबलो की हळूहळू बंद पडते, नळ्या तपासल्यात" असं सांगा. चांगला मिस्त्री ऐकून तिथेच दोन शक्यता बोलून दाखवतो. काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागा. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा आणि दोन दिवस चालवून बघा.

दुरुस्ती झाल्यावर चाचणीसाठी माझा ठरलेला फेरा आहे. दुपारी निघायचं, आसरा चौकातून होटगी रोडनं दहा-बारा किलोमीटर जाऊन परत, म्हणजे इंजिन पुरतं तापतं. मग सात रस्ता, पार्क चौक, नवी पेठ असं गर्दीतून. शेवटी सावली नसलेल्या जागी उभी करून एसी, हेडलाइट, पंखा सगळं चालू, पंधरा मिनिटं. नंतर बंद करून वीस मिनिटं उन्हात, आणि पुन्हा सुरू. भाच्याची अल्टो थ्रॉटल साफ करून आणि तो स्क्रू मूळ जागी आणून आम्ही अशीच फिरवली. रेडिएटरचा पंखा चार वेळा लागला आणि थांबला. एसीचा कॉम्प्रेसर दर वेळी लागताना स्लो क्षणभर दबला आणि परत वर आला. घरी येताना सात रस्त्याचा सिग्नल लाल मिळाला. इंजिन चालूच होतं.